घरातल्या संगणकावर ॲडमिन कोणी असावे?

आमच्या घरात एकच सामायिक संगणक आहे आणि त्यावर आम्ही पाचजण काम करतो: सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि पंधरा वर्षांचा मुलगा. काही वर्षांपूर्वीपर्यंत या संगणकावर एकच खाते होते, त्याला पासवर्ड नव्हता, आणि संगणक सुरू केला की जो कोणी खुर्चीत बसलेला असेल तो त्या यंत्राचा पूर्ण मालक होत असे. तेव्हा यात काही गैर आहे असे माझ्या मनातही आले नव्हते, कारण घर आपले, माणसे आपली, मग अडवायचे कोणाला आणि कशासाठी, असाच माझा विचार होता.

तो विचार बदलायला एक दुपार पुरेशी ठरली. ‘तुमचा संगणक मंद झाला आहे’ असे सांगणारी एक खिडकी पडद्यावर आली आणि सासऱ्यांनी, संगणक खरोखरच मंद चालत असल्यामुळे, तिच्यात सांगितलेला प्रोग्राम उतरवून घेतला. विंडोजने ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?’ असे विचारले आणि त्यांनी ‘होय’वर क्लिक केले. संध्याकाळी मी संगणकासमोर बसले तेव्हा ब्राउझरचे पहिले पान बदललेले होते, शोधयंत्र वेगळेच होते, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो’ असे वाक्य दिसत होते. घरातल्या संगणकाला कुठली आली संस्था? त्या प्रोग्रामने रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोज आपली सेटिंग साठवते त्या नोंदवहीत, जिथे एरवी कार्यालयांतले तंत्रज्ञ आपली धोरणे लिहितात त्या जागी, स्वतःची नोंद करून ठेवली होती, त्यामुळे मी पहिले पान पूर्ववत केले तरी ते पुन्हा त्याचेच होत असे. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये पाहिले तर ‘तपासू नये’ अशा फोल्डरांच्या यादीत त्याच प्रोग्रामचा फोल्डर होता. प्रोग्राम काढून टाकला तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताच पार्श्वभूमीवर चालणारी त्याची सेवा त्याला परत आणून बसवत असे. हे सगळे निस्तरायला मला दोन दिवस लागले.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वर सांगितलेले तिन्ही बदल, म्हणजे धोरणांच्या जागी लिहिणे, अँटिव्हायरसला सूट द्यायला लावणे आणि संगणकाबरोबर सुरू होणारी सेवा बसवणे, ॲडमिनच्या, म्हणजे संपूर्ण यंत्रणा बदलण्याची मुभा असलेल्या खात्याच्या, अधिकाराशिवाय सहसा करताच येत नाहीत. सासऱ्यांचे खाते साधे, म्हणजे असा अधिकार नसलेले, असते, तर विंडोजने नुसते ‘होय की नाही’ विचारले नसते. ॲडमिनचा पासवर्ड मागितला असता, तो त्यांच्याजवळ नसता, आणि त्यांनी मला हाक मारली असती. दोष त्यांचा नव्हताच. ज्या माणसाला ईमेल वाचायचे आहेत आणि नातेवाइकांची छायाचित्रे पाहायची आहेत, त्याच्या हाती संपूर्ण यंत्रणा बदलण्याचा अधिकार मी विनाकारण देऊन ठेवला होता.

‘विनाकारण देऊन ठेवला’ हेही पूर्ण खरे नाही, कारण तो मी दिला नव्हता, तो तसाच आलेला होता. नवा संगणक सुरू करताना विंडोज जे पहिले खाते तयार करून घेते ते ॲडमिनचे असते, आणि बहुतेक घरांत तेच पहिले खाते शेवटपर्यंत सगळे वापरतात. याला जुना इतिहास आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ॲडमिन आणि साधा वापरकर्ता असा खरा भेद नव्हताच. २००१ साली आलेल्या एक्सपीमध्ये तो भेद घरोघरी पोहोचला, पण मर्यादित खात्यातून काम करणे इतके जाचक होते की तारीख पाहण्यासाठी कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा क्लिक केले तरी ‘वेळ बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही’ असा संदेश येत असे. साहजिकच सगळे ॲडमिन म्हणूनच वावरले. २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या व्हिस्टाने ‘यूजर अकाउंट कंट्रोल’ आणले आणि पडदा अंधुक होऊन मधोमध येणारी ती परवानगीची चौकट तेव्हापासून आपल्या ओळखीची झाली.

त्या चौकटीमागे काय घडते हे समजून घेतल्यावर माझा बराच गोंधळ दूर झाला. ॲडमिन लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याच्यासाठी दोन ओळखपत्रे तयार करते: एक पूर्ण अधिकारांचे आणि एक अधिकार काढून घेतलेले. रोजचे प्रोग्राम दुसऱ्या, म्हणजे दुबळ्या ओळखपत्रावर चालतात, आणि ‘होय’ म्हटले की त्या एका प्रोग्रामपुरते पहिले ओळखपत्र बाहेर काढले जाते. म्हणजे ॲडमिन खात्यातही थोडे संरक्षण असतेच. पण दोन्ही ओळखपत्रे एकाच माणसाची, एकाच खात्यातली असतात आणि त्यांच्यामधली भिंत पातळ असते. ही भिंत सुरक्षेची पक्की सीमा मानू नये, असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केलेले आहे. साध्या खात्यात मात्र ते पूर्ण अधिकारांचे ओळखपत्र नसतेच. ते दुसऱ्या खात्याचे असते आणि त्या खात्याचा पासवर्ड दिल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून मी ठरवले की माझ्यासह घरातल्या प्रत्येकाचे रोजचे खाते साधे असेल, आणि ॲडमिनचे एक वेगळे खाते असेल ज्यात कोणीही रोजचे काम करणार नाही. ‘माझ्यासह’ या शब्दावर मी भर देते, कारण संगणकातले ज्याला जास्त कळते त्याने स्वतःला सूट देऊन बाकीच्यांना बांधायचे, अशीच पद्धत मी बहुतेक घरांत पाहिली आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन संशोधकांनी १९७५ साली लिहिलेल्या एका लेखात हा नियम मांडला आहे की प्रत्येक प्रोग्रामने आणि प्रत्येक वापरकर्त्याने हातातले काम पुरे करण्यास लागतील तेवढ्याच अधिकारांनिशी काम करावे. त्या नियमात माणूस हुशार आहे की नाही, विश्वासू आहे की नाही, हा प्रश्न येत नाही. काय काम चालले आहे एवढाच प्रश्न येतो. मी ईमेल वाचत असते तेव्हा माझेही काम ईमेल वाचण्याचेच असते.

प्रत्यक्ष बदल करताना क्रम महत्त्वाचा असतो, आणि तो मी चुकवला. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे इतर वापरकर्त्यांचा विभाग, नवे खाते, मग त्याचा प्रकार बदलून ॲडमिनिस्ट्रेटर. इथपर्यंत सगळे ठीक झाले. त्यानंतर नव्या खात्यात एकदाही लॉगिन करून न पाहता मी जुने खाते साधे करून टाकले. पुढची चौकट आली, मी नवा पासवर्ड टाकला, आणि तो चुकीचा ठरला. चार वेळा टाकला, चारही वेळा चुकीचा. शेवटचा ॲडमिन काढू लागलो तर विंडोज अडवते, पण ज्याचा पासवर्ड कोणालाच लागत नाही असा ॲडमिन शिल्लक ठेवला तर अडवत नाही. तासाभराने उलगडा झाला: पासवर्ड ठरवताना कीबोर्ड मराठीवर होता, पडद्यावर केवळ ठिपके दिसत असल्यामुळे मला ते कळले नव्हते, आणि खात्री करण्यासाठी दुसऱ्यांदा टाकतानाही तो मराठीवरच असल्यामुळे दोन्ही नोंदी जुळल्या होत्या. कीबोर्डची भाषा बदलून त्याच कळा दाबल्या तेव्हा दार उघडले. म्हणून माझे सांगणे असे की आधी नवे ॲडमिन खाते तयार करावे, संगणक पूर्ण बंद करून सुरू करावा, त्या खात्यात लॉगिन करून एखादे लहानसे ॲडमिनचे काम करून पाहावे, आणि त्यानंतरच जुन्या खात्याचे अधिकार काढावेत.

स्थानिक, म्हणजे फक्त त्या संगणकापुरते, खाते तयार करताना विंडोज तीन सुरक्षा प्रश्नही विचारते: लहानपणीचे टोपणनाव काय, जन्म कोणत्या शहरात झाला, पहिली शाळा कोणती, अशा धर्तीचे. पासवर्ड विसरला तर या तीन उत्तरांवर तो नव्याने ठरवता येतो. कार्यालयात एखाद्या परक्या माणसाला ही उत्तरे ठाऊक नसतील, पण घरात? माझे टोपणनाव माझ्या मुलाला ठाऊक आहे, माझी शाळा सासूबाईंना ठाऊक आहे. खरी उत्तरे दिली तर कुटुंबातल्या कोणालाही ॲडमिनचा पासवर्ड पाच मिनिटांत बदलता येईल. मी तिन्ही ठिकाणी प्रश्नाशी संबंध नसलेली उत्तरे दिली आणि ती पासवर्डासह कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांमध्ये ठेवली. ते पाकीट कुठे आहे हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे, कारण मी आजारी पडले किंवा बाहेरगावी गेले म्हणून घरचा संगणक अडून राहावा हेही योग्य नाही.

खाती वेगळी केल्यानंतर सर्वांत जास्त वेळ मी सासऱ्यांबरोबर घालवला. त्यांना वाटले होते की त्या दुपारच्या प्रकारामुळे मी त्यांचा अधिकार काढून घेतला. मी त्यांना माझे खाते उघडून दाखवले, त्यात एक प्रोग्राम इन्स्टॉल करायला घेतला, आणि मलाही पासवर्ड विचारला जातो हे त्यांनी स्वतः पाहिले. मग आम्ही दोघांनी ती चौकट नीट वाचली. वर प्रोग्रामचे नाव, त्याखाली प्रकाशकाचे नाव, त्याखाली फाइल कुठून आली आहे ती जागा. प्रकाशकाची ओळख पटलेली असेल तर चौकटीची पट्टी निळी असते, ओळख पटत नसेल तर पिवळी असते आणि प्रकाशकाच्या जागी ‘अज्ञात’ असे लिहून येते. ‘अधिक तपशील’ उघडला की तो प्रोग्राम कोणत्या फोल्डरमधून चालू होऊ पाहतो आहे तेही दिसते. “म्हणजे दारावर कोण आलंय ते आधी विचारायचं, मग कडी काढायची,” असे ते म्हणाले. मी त्यात एकच भर घातली, की आपण कोणाला बोलावलेच नसेल तर कोण आले आहे हे विचारण्याचीही गरज नाही. एखादा प्रोग्राम आपण स्वतः सुरू केलेला नसताना चौकट आली, तर निळी असो वा पिवळी, उत्तर ‘नाही’ हेच द्यायचे.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. सासरे घरखर्चाच्या नोंदी एका फार जुन्या प्रोग्राममध्ये ठेवतात. तो प्रोग्राम आपली माहितीची फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे ‘प्रोग्राम फाइल्स’च्या आत, लिहितो, आणि तिथे साध्या खात्याला लिहिता येत नाही. तो बंद पडेल असे मला वाटले होते. तो बंद पडला नाही, त्याने याहून विचित्र काम केले. सासऱ्यांनी लिहिलेल्या नोंदी सासूबाईंच्या खात्यात दिसेनात, आणि सासूबाईंनी लिहिलेल्या सासऱ्यांना दिसेनात. दोघांनाही वाटले की दुसऱ्याच्या हातून नोंदी पुसल्या गेल्या. खरा प्रकार असा होता की अशा जुन्या प्रोग्रामांची सोय म्हणून विंडोज त्यांचे लिहिणे गुपचूप वळवून प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. प्रोग्रामला वाटते आपण मूळ जागीच लिहिले, आणि प्रत्यक्षात एका वहीच्या दोन वह्या झालेल्या असतात.

अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे त्या वापरकर्त्याला पुन्हा ॲडमिन करणे किंवा तो प्रोग्राम दर वेळी ॲडमिन म्हणून चालवणे. एका फाइलमध्ये लिहिता यावे म्हणून संपूर्ण यंत्रणेचे अधिकार देणे मला पटत नाही. मी आधी दोन्ही व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइली वेगळ्या काढून सुरक्षित ठेवल्या, त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये माहितीची जागा बदलण्याची सोय सापडली तेव्हा सर्वांना लिहिता येईल असा सामायिक दस्तऐवजांचा फोल्डर तिथे दिला, आणि मधल्या आठवड्याच्या नोंदी सासूबाईंनी हाताने पुन्हा भरल्या. अशी सोय नसती तर त्या एकाच फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन, सुरक्षेच्या भागात, घरातल्या वापरकर्त्यांना तिथे बदल करण्याची परवानगी दिली असती. ते थोडे कमी सुरक्षित आहे, पण अधिकार त्या फोल्डरच्या भिंतीआतच राहतो.

दुसरी एक बारीक अडचण सांगायला हवी, कारण ती बराच काळ माझ्या लक्षात आली नव्हती. साध्या खात्यातून ॲडमिनचा पासवर्ड देऊन एखादा प्रोग्राम इन्स्टॉल केला, तर तो इन्स्टॉल करणारा वापरकर्ता विंडोजच्या दृष्टीने ॲडमिन असतो. त्यामुळे काही प्रोग्राम आपले शॉर्टकट किंवा वैयक्तिक सेटिंग ॲडमिनच्या खात्यात टाकतात आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला त्याला काहीच दिसत नाही. इन्स्टॉल करताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय मिळत असेल तर तो घ्यावा.

मुलाचा प्रश्न वेगळा होता. त्याने वापरायच्या वेळेची मर्यादा आम्ही घातली होती, आणि ती काही महिने कशी काय पाळली जात नाही हे मला समजत नव्हते. तेव्हा तो वापरत असलेले खाते ॲडमिनचेच होते. मर्यादा घालणारी सेटिंग जिथे आहेत तिथपर्यंत त्याचा हात पोहोचत होता. ॲडमिनवर घातलेली मर्यादा म्हणजे त्याच्याच हातात दिलेले कुलूप. त्याचे खाते साधे केले तेव्हा तो रागावला आणि म्हणाला, “आई, तुझा माझ्यावर विश्वास नाही.” मी त्याला म्हटले की वेळेच्या मर्यादेबाबत तुझे म्हणणे आपण वेगळे बोलू, त्यात तुझी बाजू मी ऐकेन, पण ॲडमिनचा अधिकार माझ्या रोजच्या खात्यालाही नाही. मर्यादेवर आम्ही खरोखरच बोललो आणि ती थोडी सैल केली. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत असे मला मनापासून वाटते. सुरक्षेचे कारण पुढे करून मुलांवर पाळत ठेवली, तर सुरक्षेच्या खऱ्या कारणांवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

त्याच्या उपस्थितीत पासवर्ड टाकतानाही काळजी घ्यावी लागते. त्या चौकटीत पासवर्डाऐवजी पिनही चालतो, आणि काही अंकांचा पिन खांद्यावरून पाहून लक्षात ठेवणे कोणालाही अवघड नाही. ॲडमिनच्या खात्याला मी पिन ठेवलेलाच नाही.

साध्या खात्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम आला, तर त्याला ॲडमिनचा अधिकार लागत नाही. ज्या फाइलींत मला लिहिता येते त्या सगळ्या तो माझ्याच अधिकाराने बिघडवू शकतो. फरक एवढाच की साध्या खात्यातून त्याला इतरांच्या फोल्डरांत शिरता येत नाही आणि विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती पुसून टाकता येत नाहीत. म्हणून बाहेरच्या डिस्कवर बॅकअप हवाच, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवायला हवी. तसेच, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे तिच्यातली माहिती किल्लीशिवाय वाचता न येण्याजोगी केलेली, नसेल तर पेनड्राइव्हवरून दुसरी यंत्रणा सुरू करून कोणीही त्यातले सगळे वाचू शकतो. तिथे खात्यांचे प्रकार कामाला येत नाहीत.

ॲडमिन असणाऱ्यानेही एक गोष्ट जपून करावी. घरातले कोणी स्थानिक खात्याचा पासवर्ड विसरले, तर ॲडमिन तो बाहेरून बदलून देऊ शकतो, पण असे केल्यास त्या माणसाने विंडोजकडून एन्क्रिप्ट करून घेतलेल्या फाइली आणि साठवलेले पासवर्ड हाताबाहेर जाऊ शकतात. विंडोज तशी सूचना देते. ती घाईत बंद करू नये.

मॅकवरही पहिले खाते ॲडमिनचेच असते, आणि ‘या वापरकर्त्याला संगणकाचे व्यवस्थापन करू द्या’ हा एक पर्याय काढला की ते साधे होते; सर्वाधिकारी ‘रूट’ खाते तिथे मुळातच बंद ठेवलेले असते. उबुंटू या लिनक्स यंत्रणेतही रूटचा पासवर्ड नसतो, पहिला वापरकर्ता ‘सुडो’ गटात, म्हणजे रूटचे अधिकार वापरू शकणाऱ्यांच्या गटात, असतो आणि एकदा पासवर्ड दिला की त्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करण्याच्या खिडकीत, १५ मिनिटे तो पुन्हा विचारला जात नाही, म्हणून काम संपताच टर्मिनल बंद करावे. माझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. स्वतःला आणखी एका गटात घालताना त्याने ‘युजरमॉड’ या आदेशाला ‘जी’ हा पर्याय दिला, पण त्याच्यासोबत ‘ए’ द्यायचा राहिला. ‘ए’ नसेल तर तो आदेश नवा गट जोडत नाही, मुख्य गट सोडून बाकी सगळ्या जुन्या गटांच्या जागी तो एकच ठेवतो. पुढच्या लॉगिनला तो सुडो गटातून बाहेर पडला होता आणि रिकव्हरी मोडमधून, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या सुरुवातीतून, रूट म्हणून शिरून स्वतःला परत आत घ्यावे लागले.

गेल्या आठवड्यात मुलाला प्रोग्रामिंग शिकण्यासाठी पायथन आणि एक संपादक हवा होता, आणि तो तयारीनेच भांडायला आला होता. आम्ही दोघांनी बसून पाहिले, तर पायथन फक्त त्याच्यापुरते बसवण्याचा पर्याय होता आणि व्हीएस कोड या संपादकाची ‘यूजर’ आवृत्तीही होती. दोन्ही त्याच्याच फोल्डरमध्ये बसतात आणि ॲडमिनचा पासवर्ड मागत नाहीत. त्याने ती स्वतःच इन्स्टॉल केली. संध्याकाळी त्याला एका सर्किट बोर्डचा ड्रायव्हर लागला, तेव्हा मात्र पडदा अंधुक झाला; त्याने मला बोलावले, उत्पादकाचे नाव आणि फाइलची जागा वाचून दाखवली, आणि मी पासवर्ड टाकत असताना न सांगता तोंड दुसरीकडे फिरवले.